गणपतीची वर्गणी आणि फेटलिंगमधली धूळ

पत्र: काका, बेळगावच्या उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) आहे. अप्पांनी उभी केली, आता मीही बघतो. 62 माणसं, पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग (ओतीव भाग), महिन्याला 80 टनांच्या आसपास माल. निम्मा माल पुण्याच्या एका कंपनीला जातो. त्यांच्याकडून 40 प्रश्नांचा फॉर्म आलाय: सामाजिक जबाबदारी म्हणून काय करता, कामगारांसाठी काय, पर्यावरणासाठी काय. अप्पा म्हणाले, ‘लिही की, गणपतीला देतोय, शिवजयंतीच्या चित्ररथाला देतोय, गावच्या मराठी शाळेला वह्या देतोय.’ वर्षाला चारेक लाख त्यात जातात. बेंगळूरचा एक सल्लागार दीड लाखात रंगीत ‘सीएसआर रिपोर्ट’ (सामाजिक जबाबदारीचा अहवाल) करून देतो म्हणतो. इकडं कोल्हापूरच्या एका स्पर्धकानं किलोमागं दोन रुपये कमी लावले आणि आमचे दोन पॅटर्न (साचा करायचे नमुने, म्हणजे त्या भागांचं कामच) तिकडं गेले. वर्षात 14 माणसं सोडून गेली. रिजेक्शन (नापास माल) 6 टक्क्यांवरून 9 वर आलंय. अशात हे समाजकार्य परवडतं का? की त्यानंच धंदा वाढतो असं म्हणतात ते खरं? आणि एक प्रश्न, हसू नका: दिवाळीला परचेसवाल्यांना (ग्राहकाच्या खरेदी विभागातल्या लोकांना) आपली बेळगावची मिठाई, कुंदा पाठवतो, ती लाच होते का?
– उद्यमबागेतला धाकटा

उत्तर:

माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरीत लिहितो. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं दोन वेगळे प्रश्न आहेत, एक फॉर्मचा आणि एक कोल्हापूरच्या दोन रुपयांचा. दुसऱ्यांदा वाचताना शेवटाकडची दोन वाक्यं नीट दिसली. 14 माणसं गेली, रिजेक्शन तीन टक्क्यांनी वाढलं. तू ती ओघात लिहून टाकलीस, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे.

आधी कायद्याचं उरकून टाकू. कंपनी कायदा 2013, कलम 135. आदल्या वर्षी ज्या कंपनीची नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) 500 कोटी, किंवा उलाढाल 1000 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची. 1 एप्रिल 2014 पासून हे लागू आहे. 80 टनांच्या फाउंड्रीचा नफा 5 कोटी असता तर तू मला पत्र लिहिलं नसतंस, त्यामुळं हे कलम तुला लागू नाही. त्या सल्लागारानं ‘कायद्यानं बंधनकारक’ वगैरे म्हटलं असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लाव.

पण ह्याच कायद्यातली एक गंमत सांगतो. ज्यांना तो लागू आहे, त्यांनी फक्त आपल्याच कामगारांच्या भल्यासाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिपही धरत नाहीत, म्हणजे कंपनीचा बोर्ड लावलेला चित्ररथ गेला. ते बरोबरच आहे, कामगारांचं देणं हे देणंच आहे, दान नव्हे. पण झालं असं की लोकांच्या डोक्यात सामाजिक जबाबदारी म्हणजे गेटबाहेरचं काहीतरी, एवढंच बसलं. धंद्याला जिचा उपयोग होतो ती जबाबदारी बहुतेक वेळा गेटच्या आतच असते.

मग तुला कायदा लागू नसताना फॉर्म का आला? कारण तुझ्या ग्राहकाला कुणीतरी विचारतंय. शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून सेबीला (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला) दरवर्षी कामगार, पर्यावरण, समाज ह्याबद्दल ठरलेल्या नमुन्यात अहवाल द्यावा लागतो. शिवाय त्यांचा माल युरोपात जात असेल तर तिकडूनही प्रश्न येतात. जर्मनीत 2023 पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या पुरवठादारांकडं कामगारांची काय स्थिती आहे हे तपासण्याचा कायदा लागू झाला. युरोपात शिरणाऱ्या लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियमच्या मालावर कार्बनचा हिशेब 1 ऑक्टोबर 2023 पासून मागायला लागले आणि 1 जानेवारी 2026 पासून त्याचे पैसेही लागतात. तुमचा माल त्यात येतो की नाही हे एचएस कोडवरून (आयात-निर्यातीत मालाला असतो त्या क्रमांकावरून) ठरतं, सगळीच कास्टिंग येतात असं नाही. पुण्याला फोन करून आधी तेवढं विचारून घे, नाहीतर उगाच रात्रीची झोप घालवशील. जर्मनीतला प्रश्न पुण्याला, पुण्याचा उद्यमबागेला, असा हा फॉर्म खाली उतरत आलाय.

आता खरं काय ते. मी तीस वर्षं परचेसमध्ये काढली, पुण्यात आणि कोल्हापुरात. सप्लायर बघायला जायचो. एकदा एका परदेशी ग्राहकाला घेऊन एका फाउंड्रीत गेलो होतो. मालकाच्या केबिनची भिंत फोटोंनी भरलेली: रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, कुठल्याशा मंत्र्याच्या हातून सत्कार. पाहुण्यानं त्या भिंतीकडं एकदा बघून मान हलवली आणि थेट फेटलिंगमध्ये (ओतलेला माल घासून साफ करतात त्या विभागात) घेऊन चला म्हणाला. तिथं ग्राइंडरवर एक पोरगा, तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, पापण्यांवर राखाडी थर. पाहुण्यानं पोराला काहीच विचारलं नाही. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं, बोट बघितलं, पांढऱ्या रुमालाला पुसलं आणि रुमाल तसाच घडी घालून खिशात ठेवला. मग संडास कुठंय म्हणून विचारलं. मालकाला वाटलं त्याला जायचंय. त्याला फक्त बघायचा होता, कामगारांचा. परतताना गाडीत एक शब्द बोलला नाही. ती ऑर्डर झाली नाही, आणि मेलमध्ये कारण लिहून आलं ते ‘क्षमता अपुरी’.

तो टॉवेल तुझ्याकडंही असणार. असलाच तर ऐक. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका. तिची जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकात, घशात अडकते. फुफ्फुसात खोल उतरते ती इतकी बारीक असते की दिसतच नाही, आणि टॉवेल तिला अडवत नाही. त्यातून सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार होतो, बहुतेक दहा-पंधरा वर्षांनी. तो बरा होत नाही, आणि टीबीची शक्यता वाढवतो. म्हणून झाडू कोरडा मारू नये, पाणी शिंपडून किंवा व्हॅक्यूमनं काढावं. ग्राइंडरला धूळ ओढणारी नळी जोडावी, शॉट ब्लास्टिंगच्या (छर्रे मारून माल साफ करायच्या) मशिनचं दार बंद झाल्याशिवाय मशिन सुरूच होऊ नये, आणि मास्क चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा. कुणीतरी तुला सांगेल, ‘मास्क लावून श्वास कोंडतंय बघा.’ खरं आहे, कोंडतो. म्हणून मास्क शेवटी येतो, आधी धूळ ओढायची सोय. उलटं केलंस तर मास्क सगळे गळ्यात लोंबताना दिसतील.

इथं तू म्हणशील, काका, मी धंद्याचं विचारलं आणि तुम्ही दवाखान्याचं सांगताय. बरं, धंद्याचंच सांगतो, वही घे.

महिन्याला 80 टन म्हणजे 80,000 किलो. रिजेक्शन तीन टक्क्यांनी वाढलं म्हणजे 2,400 किलो माल ओतला, थंड केला, फेटल केला आणि पुन्हा भट्टीत टाकला. लोखंड परत मिळालं, पण वीज, वाळू, मजुरी गेली. एक टन लोखंड वितळवायला इंडक्शन फर्नेस साधारण 600 युनिट खाते, म्हणजे नुसत्या वितळवण्यातच 1,400 च्या वर युनिट फुकट. तुझ्या विक्रीच्या दरातून भंगाराचा भाव वजा कर. समजा 70 रुपये फरक निघाला (तुझा आकडा तू घाल). 2,400 गुणिले 70, 1 लाख 68 हजार. त्याला 80,000 नं भाग. किलोमागं दोन रुपये दहा पैसे.

कोल्हापूरवाल्यानं किती कमी लावले होते?

आता हे तीन टक्के आले कुठून? वाळूची ओल कमी-जास्त, रॅमिंग (वाळू ठोकून घट्ट करणं) ढिलं, कोअर (आतली पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा) नीट बसवला नाही, म्हणजे ब्लो होल (हवेची भोकं) आणि वाळू अडकलेलं कास्टिंग. हात बसलेला मोल्डर (साचा करणारा) ह्या चुका करत नाही. नव्याचा हात बसायला तीन-चार महिने जातात. तुझे 14 गेले, त्यातले मोल्डर आणि कोअरवाले किती, आणि रिजेक्शन कुठल्या महिन्यापासून चढलं, हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून बघ. जुळले नाहीत तर मी चुकलो, मग लॅबमध्ये वाळू तपासून घे. पण माझा अंदाज आहे जुळतील.

ते का गेले, हे मात्र तुला मालक म्हणून कुणी सांगणार नाही. गेलेल्यांपैकी दोघा-तिघांच्या गावी जा, चहा पी, आणि मधे न बोलता ऐक. मी ऐकलेली कारणं सांगतो. ओव्हरटाइम कायद्यानं दुप्पट दरानं द्यायचा असतो, बरेच जण एकेरीच देतात. ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे पगारातून कापतात पण कार्ड हातात देत नाहीत, मग पोर आजारी पडलं की खासगी दवाखान्यात उधारी. (कामगाराचा पाऊण टक्का आणि तुमचा सव्वातीन टक्के, वेळेवर भरला तर कुटुंबाच्या उपचाराची काळजी मिटते. ह्याच्याएवढी स्वस्त सामाजिक जबाबदारी मला दुसरी माहीत नाही.) आणि तिसरं कारण आपल्या भागातलं. खानापूर, चंदगडकडचा माणूस अर्धा कामगार, अर्धा शेतकरी. जुलैत रोप लावणी, नोव्हेंबरात सुगी. त्याला आठ दिवस हवेच असतात. तुम्ही रजा देत नाही, तो न सांगता जातो, तुम्ही हजेरी कापता, तो परत येत नाही. हे दरवर्षी ठरलेलं असताना दरवर्षी दोघंही चकित कसे होता, हे मला आजवर कळलेलं नाही. जूनमध्येच यादी करून पाळीपाळीनं रजा देणारी एक लहान मशिन शॉप मला माहीत आहे. तिथं सुगीतही लाइन चालते, कारण अर्धे आधी जातात आणि अर्धे नंतर.

हे काही नवीन शहाणपण नाही. किर्लोस्कर रोडवरून तू रोज जात असशील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते आपल्या बेळगावात. लोखंडी नांगर केला तर सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, लोखंडानं जमीन नासते म्हणायचे शेतकरी. पुढं बेळगावातली जागा सोडावी लागली आणि 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथं कारखान्याबरोबर वस्ती उभी केली. त्यामागं चांगुलपणा होताच, पण माणसाला राहायला घर नसेल तर त्या उजाड माळावर कारागीर टिकणार कसा, हा रोकडा हिशेबही होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तुम्ही बाप-लेक वाद घालत असाल की हे धर्म म्हणून करायचं की धंदा म्हणून, तर तो वाद सोडून द्या.

कोल्हापूरच्या स्पर्धकाबद्दल लगेच वाईट बोलू नकोस. तो दोन रुपये कमी लावतो ते कामगाराच्या पोटातून काढतो असं धरून चालणं सोयीचं आहे, पण मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या बघितल्या आहेत. कित्येकांकडं वाळू पुन्हा वापरायची यंत्रं आहेत, रिजेक्शनचा रोजचा फळा आहे. असंही असेल की तो तुझ्यापेक्षा बरा चालवतो. तुझ्याकडं जळकी काळी वाळू जाते कुठं? रात्री ट्रॅक्टर भरून रस्त्याकडेला ओतली जात असेल, आणि मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात ती शेजारच्या वस्तीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसत असेल, तर फॉर्मवरच्या पर्यावरणाच्या प्रश्नाला तुझं खरं उत्तर ते आहे. नवी वाळू विकत घ्यायची, जुनी टाकायला पैसे द्यायचे, आणि वर शेजाऱ्यांची तक्रार प्रदूषण मंडळाकडं गेली की धावपळ. एकाच वाळूचे तीनदा पैसे. उद्यमबाग-मच्छेतल्या चार-पाच जणांनी मिळून रिक्लेमेशन प्लांट (जुनी वाळू साफ करून परत वापरायची यंत्रणा) परवडतो का ते बघा. उरलेली वाळू पेव्हर ब्लॉकमध्ये जाते, मंडळाची परवानगी घेऊन.

आता थोडं कबूल करतो. हे सगळं केलंस म्हणून पुण्याची कंपनी तुला किलोमागं चार आणेही जास्त देणार नाही. एका खोलीत बसलेला माणूस तुला जबाबदारीचा फॉर्म पाठवतो आणि शेजारच्या खोलीत बसलेला दरवर्षी दर पाच टक्के खाली आण म्हणतो. त्या दुसऱ्या खोलीत मी बसायचो. एका चांगल्या सप्लायरनं नवी धूळ ओढण्याची यंत्रणा दाखवली, मी कौतुक केलं, फोटो काढला आणि महिन्याभरानं त्याचा दर कापला. अजून आठवलं की बरं वाटत नाही. म्हणून ‘चांगलं वागा, धंदा वाढेल’ असं छापील वाक्य मी तुला देणार नाही. चांगलं वागून ऑर्डर मिळत नाही. पण हातातली ऑर्डर जायची कारणं कमी होतात, आणि माणसं टिकल्यानं खर्च उतरतो. मिळकत आहे ती एवढीच, पण महिन्याला दीड-पावणेदोन लाख म्हणजे तुझ्या फाउंड्रीला थोडी नाही.

दराऐवजी दुसरं मागता येतं, ते मात्र माग. पॅटर्न निदान दोन वर्षं तुझ्याकडंच राहील असं लेखी. आणि पेमेंट. तुझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर करारात काहीही लिहिलेलं असलं तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यायला ते बांधील आहेत, करार नसेल तर 15 दिवसांत. 2023-24 ह्या आर्थिक वर्षापासून वेळेत न दिलेली रक्कम त्यांना पैसे चुकते करेपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. सामाजिक जबाबदारीचा फॉर्म भरून पाठवताना सोबतच्या पत्रात हे सौम्य शब्दांत लिही. लहान सप्लायरचे पैसे वेळेवर देणं ही त्यांचीही जबाबदारीच आहे, त्यांच्या अहवालात तो मुद्दा असतोच.

अप्पांच्या चार लाखांबद्दल. ते बंद करू नकोस. आपल्याकडं वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक रात्रभर चालते, तिला वर्गणी न देणारा कारखानदार गल्लीत राहू शकत नाही, आणि राहू पण नये. पण ती वर्गणी फॉर्मात घालू नकोस. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणून वाढलेल्या पिढीचे तुझे अप्पा, त्यांनाही ते आवडणार नाही. शाळेच्या वह्यांचं मात्र थोडं वाढव. नववी-दहावीच्या मुलांना एकदा कारखाना दाखव, ओतकाम बघून पोरं खुळी होतात. त्यातली दोन पुढं आयटीआयला गेली तर अप्रेंटिस म्हणून घे. 30 किंवा जास्त माणसांच्या कारखान्याला अप्रेंटिस घेणं तसंही बंधनकारक आहे, आणि स्टायपेंडचा काही भाग सरकार देतं. मोल्डर मिळत नाहीत म्हणून रडण्यापेक्षा हे बरं.

तुझ्याकडं बिहार-ओडिशाची माणसंही असणार. बाहेरच्या पाटीचा कन्नडचा नियम आहे तो पाळ, त्यात वाद घालू नकोस. आत फर्नेसजवळ मात्र चित्रं लाव, आणि त्याखाली मराठी, कन्नड, हिंदी. वितळलेल्या लोखंडावर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं, हे ज्याला त्याला आपापल्या भाषेत कळलंच पाहिजे.

फॉर्म तूच भर, सल्लागाराला दीड लाख देऊ नकोस. त्या पैशात दोन-तीन ग्राइंडरना धूळ ओढायची सोय होण्यासारखी आहे. जिथं ‘नाही’ आहे तिथं ‘नाही’ लिही आणि पुढं तारीख घाल: अमुक महिन्यापर्यंत करू. परचेसवाला म्हणून सांगतो, 40 पैकी 40 ‘होय’ लिहिलेला फॉर्म आला की आम्ही सगळ्यात आधी त्याच फाउंड्रीत जायचो.

राहिला कुंदा. हसलो थोडा, पण प्रश्न बरोबर आहे, भेटवस्तूंचा रकाना त्या फॉर्मात असतोच. खरं तेच लिही: दिवाळीला अर्धा किलो कुंदा, सगळ्या ग्राहकांना सारखा. आणि ह्या वर्षीपासून डबा साहेबांच्या घरी नको, ऑफिसच्या पत्त्यावर पाठव, विभागाच्या नावानं. माझ्या घरी यायचे तेव्हा बायको शेजाऱ्यांना वाटून टाकायची, ऑफिसात आला असता तर निदान मला एक घास मिळाला असता.